मस्कतचा पाहुणा आणि आठ गाठी

१३ जानेवारी २००८, रविवार
स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू : देव्हारा. टाकीचा फ्लोट (जुन्या चपलेचा). मिक्सरच्या मोटरवर चालणारा पंखा (वारा बेताचा, आवाज दणदणीत). मोरीचं दार (उघडतं, फक्त आत बादली नसावी). सगळं शिकवणीशिवाय. शिवाय बावीस वर्षं लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, मिस्त्री.
हे लिहायचं कारण, केबलचं नेट सारखं जातं आणि शुक्रवारी अकराला मस्कतचा मुलगा, सागर, आमच्या क्षितिजाला कॉम्प्युटरवर बघणार आहे. त्याला शुक्रवारी सुट्टी, आमचे लूमही शुक्रवारीच बंद. योग चांगला आहे.
केबलवाला धनेश म्हणतो, गच्चीवरची वायर बदलावी लागेल, मंगळवारी येतो. म्हटलं, बघू.

१४ जानेवारी
निदान झालं. खालच्या लूमच्या हादऱ्याने वायर सैल होते. कॉम्प्युटरखाली सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे ठेवले.
नेट आलं! पोरीने टाळ्या वाजवल्या.
संध्याकाळी गेलं. ट्यूब हलक्या प्रतीची होती.

१५ जानेवारी, मंगळवार
खरा दोष सापडला. वायर टाकीच्या कडेवर घासून खरवडली आहे. तेवढा तुकडा कापून टाकला. आत आठ तारा. आठच! आमच्याकडे हजारो धागे असतात.
प्रत्येक तारेला विणकराची गाठ मारली. वरचं प्लॅस्टिक सोललं नाही. गाठ घट्ट बसते आणि शॉकही लागत नाही. ओढून बघितलं. जोड जाम हलेना.
धनेश आला होता. त्याला जिन्यातूनच परत पाठवला. जाताना म्हणाला, "अंकल, हात जोडतो, कशाला हात लावू नका." उशिरा बोलला.
रात्री : कॉम्प्युटरच्या मागचा हिरवा दिवा लागत नाही. दिवा गेला असणार.
प्रगती म्हणजे, पूर्वी नेट सारखं ये-जा करायचं. आता ये-जा पूर्ण बंद.

१६ जानेवारी
गल्लीत कोणाचंच नेट नाही. वायर आमच्या गच्चीवरून पुढे जाते. सकाळपासून लोक दारात. म्हणजे दोष धनेशच्या ऑफिसात आहे, हे सिद्ध झालं.
क्षितिजा म्हणाली, "पप्पा, आतलं तांबं तांब्याला लागायला पाहिजे. आणि रंगाला रंग." तिला समजावलं, गाठ रंग विचारत नाही.
बायको, कमळ, म्हणाली, "आवो, पोरीच्या लग्नाचा प्रश्न हाय, त्या धनेशला बोलवा." म्हटलं, शुक्रवारी अकराला मुलगा पडद्यावर दिसला नाही तर नाव बदलीन.
ती म्हणाली, "दुसरं नाव आताच शोधून ठेवा."

१७ जानेवारी
गाठींना मेण लावलं. फरक नाही. पण दिसतात सुरेख.

१८ जानेवारी, शुक्रवार
पहाटेपासून गच्चीवर. आठही गाठी नव्याने. दहाच्या सुमारास क्षितिजा साडी नेसून वर आली, "पप्पा, खाली चला ना." पाच मिनिटं म्हटलं.
मग कमळची हाक. पाच मिनिटं म्हटलं.
मग हाका थांबल्या. त्यांचा विश्वास बसला असं वाटलं.
शेवटची गाठ झाली. विजयाने खाली आलो. घराला कुलूप! शेजारच्या गोदूकाकी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "सगली नाक्यावरच्या सायबर कॅफेत गेली. पोह्यांचा डबा पन नेलाय."
धावलो. पोचलो तेव्हा पडदा काळा झाला होता आणि कमळ कॅफेवाल्यालाच पोहे वाढत होती. क्षितिजा लाजून लाल.
पसंती झाली! दोन्हीकडून!
मी विचारलं, माझ्याबद्दल काही विचारलं का? क्षितिजा म्हणाली, "विचारलं ना, वडील कुठे आहेत? मी सांगितलं, आपलं बोलणं तुटू नये म्हणून गच्चीवर वायर धरून उभे आहेत." सागर खुर्चीतून उठला म्हणे, आणि हात जोडून म्हणाला, माझा नमस्कार सांगा.
एकंदरीत मी हजर होतोच.
जावई चेहऱ्याने कसा आहे, ते कमळला दोनदा विचारलं. ती म्हणाली, "बरा हाय. नाकाने तुमच्यासारका, बाकी हुशार."

२० जानेवारी, रविवार
धनेशने अख्खी वायर बदलली. नेट सुरू. माझा जोड कापून त्याने गल्लीत सगळ्यांना दाखवला. दोघांनी दोन टोकं धरून ओढला. सुटला नाही. तरी लोक हसत होते. तांत्रिक बाबी सगळ्यांना कळत नाहीत.
संध्याकाळी धनेश आणि गल्लीतली मंडळी घरी आली. कमळने चहा केला, आणि बसली त्यांच्याच बाजूला. प्रस्ताव असा : क्षितिजाचं लग्न होईपर्यंत मी गच्चीवर पाऊल ठेवायचं नाही. त्याबद्दल अकरा घरं मला दरमहा प्रत्येकी दहा रुपये देणार.
कला विकत नसतो, असं सांगून साफ नाकारला.
रात्री हिशेब केला : महिन्याला एकशे दहा रुपये.