ओविदियो कारेलाच्या डोळ्याबाबत माझे शेवटचे लेखी म्हणणे

मी, एलिसेओ बालबुएना, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, साखर कारखान्याचा निवृत्त फिटर, राहणार कारखाना वसाहत, सांता ओलाया, आज सोमवारी वकीलबाई ग्रिसेल्दा यांच्या कचेरीत बसून हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शाळा तिसरीपर्यंत झाली. पुढचे सगळे जुन्या वर्तमानपत्रांवर शिकलो, तेव्हा चुका असतील त्या माझ्याच. माझे डोके ठिकाणावर आहे. हे मुद्दाम लिहायचे कारण, काल मैदानावर मी जे बोललो त्यावरून निम्मे गाव म्हणते आहे की म्हाताऱ्याला चळ लागला. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत टाचला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तेही मी केले. प्यायलेलो नाही, आणि मागे कोणी कोयता घेऊन उभे नाही.

कलम १, देहाबाबत. मला नेरेइदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, शेजारी पुरावे. ती गेल्या नोव्हेंबरात गेली. पेटीवर बेसबॉल क्लबचा झेंडा टाकू नये, मला संघाचा सदरा चढवू नये, आणि लेओन्सियो साहेबांच्या नावाने बांधलेल्या स्टँडमध्ये माझी शोकसभा तर मुळीच भरवू नये. हे साहेब कारखान्यातले अधिकारी, आणि पंधरा वर्षे आमच्या संघाचे मॅनेजर होते. त्यांच्याविषयी चांगले बोलायची वेळ माझ्यावर जिवंतपणी पुष्कळदा आली. मेल्यावर तरी सुटका असावी.

कलम २, हत्यारे. पान्यांचा संच, दोन हातोडे आणि पाइप-पाना शेजारच्या तेओफिलोला. अठ्ठ्याण्णवच्या वादळानंतर पत्रे ठोकायला नेलेली माझी शिडी त्याने आजतागायत परत आणलेली नाही. तीही त्यालाच दिली असे समजावे. माणूस वाईट नाही, विसराळू आहे. आणि नेरेइदाच्या आजारपणात त्याच्याच घरून आम्हाला रोज कुस्करलेली केळी आणि अंडे येत होते. वर्षानुवर्षे त्याला मनातल्या मनात चोर म्हटले, त्याची माफी येथेच मागतो.

कलम ३, मास्क. सात फेब्रुवारी एकाहत्तरच्या सामन्यात माझ्या तोंडावर होता तो कॅचरचा, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा, लोखंडी मास्क क्लबला काचेच्या कपाटात ठेवायला हवा आहे. डोमिनोच्या अड्ड्यावर जो फोटो टांगला आहे त्यात मी हाच मास्क उगारून ला पेन्या कारखान्याच्या एका पोराच्या डोक्यात घालतो आहे. गाव त्या मारामारीला 'बारा मिनिटांची लढाई' म्हणते. दोन्ही बाजूंची सगळी माणसे मैदानात, कुंपणाला कोयते घेतलेले ऊसतोडे, शिपायांचे हवेत बार. दरवर्षी त्या दिवशी मला फुकट बिअर पाजतात आणि पाठ थोपटतात. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात एक माणूस मातीत पडलेला दिसतो. तो ओविदियो कारेला, नेरेइदाचा भाऊ. त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. मास्क क्लबने घ्यावा, पण खाली कलम ४ पूर्ण लिहून लावणार असतील तरच. नाहीतर वेल्डरला द्यावा, त्याच्या कामाचे लोखंड आहे.

कलम ४, खरे काय घडले. ओविदियो ला पेन्याकडून खेळायचा, मी सांता ओलायाकडून. नेरेइदाशी माझे लग्न ठरले होते, त्यामुळे तो मला चारचौघांत दाजी म्हणायचा. त्या दुपारी तिसऱ्या डावात त्याने होमरन मारला आणि चारी कोपरे शेत राखायला निघाल्यासारखा रमतगमत फिरला. माझ्यासमोरून जाताना मोठ्याने म्हणाला, "दाजी, चेंडू शोधू नका, उसात गेलाय. गाळपात सापडला तर लग्नात आहेर करीन!" सगळे हसले. नेरेइदा बायकांत बसली होती, तीही हसली.

आमच्याकडे असा रमतगमत फिरणारा पुढच्या वेळी बॅट घेऊन आला की त्याच्या बरगडीत चेंडू बसतो. ही रीत आहे, तिच्यावरून कोणी रडत नाही. मॅनेजरने टोपीला हात लावायचा, कॅचरने मांड्यांच्या मधून अंगठा दाखवायचा, पिचरने फेकायचे. पुढे चौकशी झाली तर पिचरने म्हणायचे की हात सुटला. खूण कोणी दिली हे पिचर कधी सांगत नाही. हीदेखील रीतच.

आमचा पिचर फाउस्तो मार्मोलेहोस. तेवीस वर्षांचा, सरहद्दीकडून येऊन दोनच आठवडे झालेले. त्याला इथल्या कोणत्याच बॅटरची खोड माहीत नव्हती. खोड सांगणे हे कॅचरचे काम. आणि ओविदियोची खोड मला आठव्या वर्षापासून ठाऊक होती. गल्लीत काठी आणि चिंध्यांच्या चेंडूने आम्ही खेळायचो तेव्हापासून, अंगावर चेंडू आला की तो मागे उडी मारत नसे, पुढे वाकत असे. बरगडीवर फेकलेला चेंडू त्याच्या तोंडावर बसणार. त्याला मारायचे तर मांडीवर मारायचे, असे सांगायला मला फक्त उठून पिचरपर्यंत वीस पावले चालावे लागले असते.

ओविदियो पुन्हा बॅट घेऊन आला. म्हणाला, "काय दाजी, आज घुम्यासारखे का? बहिणीशी भांडलात काय?"

साहेबांनी टोपीला हात लावला. मी अंगठा दाखवला आणि ग्लोव्ह बरगडीच्या उंचीवर धरला. तो वाकेल हे मला ठाऊक होते. मला राग आला होता. याहून मोठे कारण मी त्रेपन्न वर्षे शोधतो आहे, सापडलेले नाही.

तो वाकला. डावा डोळा गेला.

मग बाके रिकामी झाली. जो बाकावर बसून राहील त्याला संघात जागा नाही, हा नियम म्हाताऱ्या मालिशवाल्यालाही लागू होता. मी मास्क काढला आणि समोर दिसेल त्याला मारत सुटलो, मेव्हणा पायाशी पडलेला असताना. एकटा फाउस्तो कोणाला मारायला गेला नाही. तो ओविदियोजवळ गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्यावर आपली टोपी दाबत होता. ला पेन्यावाल्यांना वाटले मारेकरी पुन्हा अंगावर आला. बॅटने त्याच्या उजव्या हाताची बोटे फोडली.

चौकशी समितीने फाउस्तोला विचारले, "कोणी सांगितलं?" तो म्हणाला, "कोणी नाही. हात सुटला." मला विचारले. मी म्हणालो, "मी चेंडू बाहेरच्या बाजूला, अंगापासून लांब मागितला होता." फाउस्तोवर जन्मभराची बंदी आली. मला साहेबांनी फिटरची जागा दिली आणि वसाहतीतले घर माझ्या नावावर करून दिले.

पुढे फाउस्तो बर्फाच्या गोळ्याची गाडी ढकलू लागला. एकदा माझी मुलगी योकास्ता, तेव्हा सात वर्षांची, त्याच्याकडून लाल गोळा घेऊन आली. नेरेइदाने तो हिसकून गटारात टाकला. "माझ्या भावाचा डोळा काढला त्याच्या हातचं खातेस?" पोर रडली. मी ओट्यावर झुलत्या खुर्चीत बसलो होतो, बसूनच राहिलो. ओविदियो मरेपर्यंत मला दाजीच म्हणाला. नेरेइदा असेपर्यंत माझे तोंड उघडले नाही. याला प्रेम म्हणा किंवा भ्याडपणा. माझ्या मते दुसरे.

कलम ५, घर. हे मी आधी फाउस्तोच्या नावे लिहिले होते. गेल्या बुधवारी त्याच्या खोलीवर कागद घेऊन गेलो. त्याला बसवून कलम ४ वाचून दाखवले. तो बराच वेळ आपला वाकडा हात बघत होता.

"तो वाकतो हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"म्हणजे माझा नेम चुकला नव्हता?"

"नाही. मी ग्लोव्ह धरला होता तिथंच येत होता."

"अरे माणसा," तो म्हणाला, "अंगठा तू दाखवलास त्याचं मला काही नव्हतं. रीत आहे, मी गिळलं. पण त्रेपन्न वर्षं मी रोज हा विचार करतोय की चेंडूच्या शिवणीवरून बोट कुठं घसरलं!"

मी घराचे सांगितले. तो संतापला. "घर काय करू? छपराचे पत्रे मोजत बसू? आणि हे तू मेल्यावर उघडणार? मी आधी गेलो तर? माझ्या थडग्यावर येऊन वाचणार होतास का, शहाण्या?"

"मग काय करू?"

"रविवारी वाच. भोंग्यावरून. तुझ्या त्या स्टँडसमोर."

काल वाचले. क्लबच्या अध्यक्षांनी मध्येच भोंगा बंद केला आणि मला पाणी दिले. "काका, ऊन लागलंय तुम्हाला." उरलेले मी ओरडून वाचले. स्टँडमधून कोणीतरी म्हणाले, "खाली बसवा रे त्याला." फाउस्तो फाटकाबाहेर उभा राहून ऐकत होता. मी वळलो तेव्हा तो निघाला होता.

आज सकाळी वकीलबाईंनी विचारले की साक्षीदार कोण, तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. बाई म्हणाल्या, "आजोबा, साक्षीदाराला या कागदातून काही घेता येत नाही. घर हवं की सही?" तो म्हणाला, "सही."

सबब घर योकास्ताला. तिने ते विकावे किंवा राहावे. फक्त तिची आई त्या माणसाविषयी जे सांगत आली ते खोटे होते, आणि आईला ते खोटे मी दिले होते, एवढे तिने जाणावे.

हे सर्व मी वाचून पाहिले. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तेथे सही केली आहे. यापूर्वीचे कागद रद्द.

स्थळ: सांता ओलाया
दिनांक: १९ ऑगस्ट २०२४

लिहून ठेवणार: एलिसेओ बालबुएना

साक्षीदार:

१. तेओफिलो रेइनोसो, शेजारी. (शिडी आणि हत्यारे यांवरचा हक्क सोडून सही करीत आहे. शिडी उद्या आणून देतो.)

२. फाउस्तो मार्मोलेहोस, पिचर. (सर्व वाचले, खरे आहे. माफ केलेले नाही. सही डाव्या हाताची.)