डाव्या पायाची चप्पल

१२ जानेवारी
आज पुन्हा तेच! दुकानातून घरी आले तर डाव्या पायात चप्पल नाही. कुठे निसटली, पायाला पत्ताच नाही. चौकातली फुलवाली मागून घेऊन आली. "काकू, ध्यान कुटं हाय?" तिच्यासमोर हसले. दार लावून मात्र रडले.

१५ जानेवारी
लातूरला जाऊन आलो, मी आणि हे. मणक्यातली गादी सरकलीय, नस दबलीय; पायात कळ येते ती त्यानेच. डॉक्टर म्हणाले, "थांबलात तर पाऊल कायमचं लुळं पडेल. ऑपरेशनने कळ जाईल. पावलाची जाणीव परत येईलच, असं मात्र सांगत नाही." खरं बोलणारा माणूस. आवडला मला.

येताना एसटीत, निलंगा आल्यावर हे म्हणाले, "दुकान म्या बघतो. तू पायाचं बघ." एवढ्या वर्षांच्या संसारात एवढं लांब भाषण!

१६ जानेवारी
सासूबाईंचा नन्नाचा पाढा. "पाठीला सुरी लागली की माणूस उठत न्हाई. आन् गळ्यातलं लिंग काढायला लावतेत तिथं. मग?"

ती भीती माझीही आहे. आम्ही लिंगायत; गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग आजवर अंगावेगळं केलं नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. आणि नेमकं ते अंगावर नसताना काही झालं तर?

१९ जानेवारी
ठरलं. करायचं. सासूबाईंनी अबोला धरलाय.

२ फेब्रुवारी
लातूरला दाखल झाले. सासूबाई न सांगताच गाडीत येऊन बसल्या होत्या. बोलणं नाही — पण पिशवीत माझं पूजेचं सामान!

संध्याकाळी भूल देणाऱ्या पूनम मॅडम आल्या. गळ्याकडे बघून स्वतःच म्हणाल्या, "चांदीची डबी चालणार नाही. ऑपरेशनच्या मशीनचा करंट धातूत उतरून भाजतं. पण लिंग कापसात गुंडाळून दंडाला बांधू. तुमच्या अंगावरच राहील." मी त्यांचे हातच धरले. दुसरं काय करणार! देव अशी माणसं कुठे कुठे पेरून ठेवतो.

३ फेब्रुवारी
ऑपरेशन झालंच नाही! आम्ही दोघींनी अकलेचे दिवे पाजळले.

काही खायचं-प्यायचं नाही, असं बजावलं होतं. मी पाळलं. सकाळी अंघोळ, विभूती, लिंगपूजा. सासूबाईंनी प्रसादाचं केळं हातावर ठेवलं, मी खाल्लं. मॅडमनी विचारलं, "काही खाल्लं?" "न्हाई." अगदी खरं वाटून बोलले! प्रसाद म्हणजे का खाणं असतं? सासूबाई वर अभिमानाने, "अन्नाला शिवली न्हाई माय. निस्ता परसाद घेतला."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "आजी, पोटाला प्रसाद कळत नाही हो!" भुलेत पोटातलं उलटून छातीत गेलं तर जिवावर बेततं, हे त्यांनी समजावून सांगितलं. रागावल्या नाहीत. उद्यावर ढकललं.

सासूबाई दुपारभर पदराने डोळे पुसत होत्या. "म्याच मारलं असतं की गं तुला." अबोला सुटला तो असा! मलाच त्यांची समजूत घालावी लागली.

४ फेब्रुवारी
पूजा झाली. आजचं केळं सासूबाईंनी पदरात बांधलं. "तू खायला लागलीस की दोघी खाऊ." त्याही उपाशी. ऐकत नाहीत. माझी चांदीची डबी त्यांच्या गळ्यात, त्यांच्या लिंगाला लागून. हे बाहेर येरझाऱ्या घालतायत. लिंग दंडाला बांधलंय. भीती वाटते. पण मी एकटी नाही. आता बोलावतील.

६ फेब्रुवारी
कळ गेली! टाके ओढतात, पण पायातली ती कळ गेली! केळं काळं पडलं होतं. आम्ही दोघींनी काल वाटून खाल्लं, फार गोड लागलं. मॅडमना आणि डॉक्टरांना मनातून किती वेळा हात जोडले. डावं पाऊल मात्र अजून मुकंच आहे. असू दे. मिळालं तेही पुष्कळ.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
सासूबाईंचा हात धरून मठापर्यंत चालले. वाटेत डावी चप्पल निसटली. खडा टोचला — मला कळलं! मागे वळून मीच ती पायात घातली.