नळ पूर्ण सोडून

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी कफाचे चार बेडके. हिरवे. एकात काळा ठिपका. डॉक्टर म्हणाले, रोज मोजा, रंग बघा, लिहून ठेवा — म्हणून ही वही. लोक वहीत सुविचार उतरवतात, मी थुंकी उतरवतेय. शी!

४ फेब्रुवारी

तीन. पिवळट.

कारखान्याच्या सहलीत होडी तलावात कलंडली, त्याला अकरा महिने झाले. बाकीचे हातपाय मारून काठाला लागले, मी तळाला. नवऱ्याने तीनदा बुडी मारली, तिसऱ्यांदा माझी वेणी हाताला लागली म्हणे. म्हणे — कारण मला काही आठवत नाही. तोंडातली चिखलाची चव तेवढी आठवते, कारण ती गेलेलीच नाही. चहाला तीच, पेरूला तीच.

त्या घाण पाण्याने छातीतल्या बारीक नळ्या कायमच्या सैल झाल्या, असं डॉक्टरांचं म्हणणं. कफ साचणार, नासणार, रोज काढावा लागणार. "किती दिवस?" विचारलं, तर चष्मा पुसत बसले.

५ फेब्रुवारी

चार. शेजारीण जिन्यात भेटली. "नवऱ्याने मरणाच्या दारातून ओढून आणलं हो तुला!" दर आठवड्याला कुणी ना कुणी ऐकवतंच. जशी काही मी विसरणार आहे!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पाच.

रोज सकाळी खाटेवर पालथं पडायचं, डोकं खाली लोंबवायचं, आणि ह्याने हाताची ओंजळ करून पाठ थोपटायची. दहा मिनिटं. म्हणजे कफ सुटतो. आधी नीट करायचा. हल्ली दोन मिनिटांत थांबतो, तोंड भिंतीकडे फिरवतो आणि तडक बाथरूममध्ये. आतून कडी. नळ पूर्ण सोडलेला. हात धूत असणार. पण इतका वेळ? माझ्या पाठीला काय शेण लागलंय?

१० फेब्रुवारी, सोमवार

तीन. अकरा महिन्यांनी कामावर पहिला दिवस.

आम्ही प्रयोगशाळांसाठी काचेची भांडी करतो. बर्नरवर तो काच फिरवायचा, मी नळीतून फुंकायची. मी दमले की माझ्या तोंडातली नळी त्याच्या तोंडात. नऊ वर्षं एकाच बर्नरवर! लग्नाआधी तर माझी उष्टी नळी मिळावी म्हणून हा माणूस दुसऱ्यांशी पाळ्या बदलून घ्यायचा.

आज तो बर्नरवर नव्हताच. कोपऱ्यातल्या टेबलावर काचेची बुचं घासत बसला होता. आमच्यातले सगळ्यात जुने कारागीर, काका, म्हणाले, "दोन महिने झाले की. त्यानेच मागून घेतलं ते काम." घरी मला अवाक्षर नाही!

मी काकांबरोबर बसले. फुंकलं. फुगा लिंबाएवढा झाला आणि खोकला आला. थुंकीचा शिंतोडा आत, तापल्या काचेवर. चर्र! काच तडकली. काकांनी नळीचं टोक फडक्याने पुसलं. मग फडक्याची घडी उलटून पुन्हा पुसलं. मालक म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघू या." म्हणजे काय ते मला कळतं.

तो बुचं घासत राहिला. मान वर केली नाही.

१३ फेब्रुवारी

चार. ह्याने आपली गादी गॅलरीत नेली. "तुला शांत झोप लागावी म्हणून." कडू कारलं साखरेत घोळलं तरी कडूच.

१४ फेब्रुवारी

पाच. आज वासही. माझीच मला किळस येते, मग त्याला कुठल्या तोंडाने बोलू? — तरी बोलणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

बोलले.

तो भांडी विसळत होता. "माझी किळस येते ना तुला? तोंडावर सांग!"

"काहीतरीच काय बोलतेस," म्हणाला, हातातला पेला तसाच ठेवला आणि गेला बाथरूममध्ये. कडी. नळ!

"मग बाहेर काढलंस कशाला मला?" असं दारावर ओरडले. नळाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. बेडके मोजायचे राहिले.

१८ फेब्रुवारी

दादाकडे आले. बॅग घेऊनच. दादा म्हणाला, "राहा हवं तितकं." वहिनीने माझा कप वेगळा काढला, दांडीला लाल दोरा बांधून. "गैरसमज नको हं, मुलं आहेत घरात." आगीतून फुफाट्यात!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन. पांढरे. नवीन औषध लागू पडतंय बहुतेक.

दुसरी बाटली घरीच राहिली होती. तो कामावर असताना जाऊन आणावी, तोंड बघायला नको, म्हणून अकराला गेले.

बेसिनच्या जाळीत बेडका अडकलेला. हिरवा. आधी ओशाळले — जाताना धुऊनही गेले नाही मी! पाणी ओतायला तांब्या उचलला.

पण तो ओला होता. ताजा. आणि कडेला लाल. माझ्यात कधी लाल आलेलं नाही, अकरा महिन्यांत एकदाही नाही. आणि तीन दिवस मी या घरात नव्हतेच.

तांब्या खाली ठेवला. तीन बुड्या. त्याच पाण्यात. त्याच्या पोटात, छातीत किती गेलं, हे मी एकदाही विचारलं नाही. जिन्यातल्या शेजारणीनेही नाही, डॉक्टरांनीही नाही. दोन मिनिटांत संपणारा त्याचा दम. बुचं. गॅलरीतली गादी. आणि मी दाराबाहेर उभी राहून ओरडतेय! शी. काय बाई आहे मी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सातला घरी आले. बाथरूमला कडी. नळ पूर्ण सोडलेला. "नळ बंद कर," म्हटलं, "आणि बाहेर येऊन पालथा पड."

माझे दोन. त्याचे सहा.