चव न बघता

प्रिय दादा,

माझी किडनी तुला देता येणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो दाते, तुमच्याच लघवीतून प्रथिनं जायला लागलीत. रक्तदाब, सिगारेट, मीठ आवरा, म्हणजे निदान तुमच्या किडन्या तरी टिकतील." दानशूर म्हणून आत गेलो आणि पेशंट होऊन बाहेर आलो.

आता गंमत ऐक. काल जेवायला बसलो आणि सवयीने हात मिठाकडे गेला. बायको म्हणाली, "आधी एक घास तर खा!" खाल्ला. भाजीत मीठ अगदी नेमकं होतं! लग्नापासून तसंच असतं म्हणे. बाबांचं बघून आपण दोघंही पहिल्या घासाआधीच मीठ भुरभुरवत आलो. मग आईच्या हातची खरी चव कशी होती रे? तू कधी चाखलीस? आता विचारायला तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

तिकडे डायलिसिसला पडल्या पडल्या तू माझ्या होकाराची वाट बघत असशील. असला नकार पोस्टाने धाडायला माझा हात धजत नाही. हे पत्र खिशात घालून उद्या स्वतःच येतो. तू मनसोक्त शिव्या घाल. तुझं मशीन थांबेपर्यंत मी शेजारून उठणार नाही.

तुझा,
धाकटा