शिर्केने खाल्लेला मलिदा

शुक्रवार, सोहार

या शिर्केला लाज म्हणून काही आहे का? दुपारी आमच्या रूमवरचे नागावकरकाका गावाकडच्या सुट्टीहून परतले, येताना डबाभर मलिदा घेऊन. पोहे, गूळ, ओलं खोबरं. शिर्केने तीनदा वाढून घेतला. "काका, सत्यनारायण होता का?" काका म्हणाले, "घरचा नवस होता." मग बोटं चाटत हा शहाणा मोबाइलवरचा फॉरवर्ड मोठ्याने वाचायला लागला. जगातल्या सगळ्या भानगडी म्हणे ज्यूंच्या, हिटलरने काम अर्धवट सोडलं. वर खदाखदा हसला. अख्खी रूम हसली.

अरे गाढवा, ज्याचा मलिदा चापलास तो ज्यूच आहे! बेने इस्रायली, आमच्या अलिबागकडचा. काकांच्या आजोबांचा तेलघाणा शब्बाथ म्हणून शनिवारी बंद असायचा, सगळ्या गावाला ठाऊक. इथे आखातात आडनावावरून सगळे त्यांना हिंदूच समजतात, आणि काकाही समजू देतात. हल्ली, युद्धाच्या बातम्या सुरू झाल्यापासून, तर जास्तच.

काका उठून डबा घासायला गेले. मी मागोमाग गेलो.

"तू कुणाला बोलला नाहीस ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, काका."

"उपकार झाले, बाबा."

शिर्केला काय शिव्या घालतोय मी? मलिदा मीही खाल्ला. गप्प मीच बसलो. आणि वर आभार माझे!