स्टेपलरची उलटी चकती

मामा, काल बँकेत मी एका स्टेपलरपायी भांडले. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला कागद जोडायचे होते. काउंटरवरच्या मुलीनं स्टेपलर दोनदा टेबलावर आपटला, "अडकला," म्हणाली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. मी तो बाहेर काढला. "राहू द्या ना आजी, नवा मागवतो." मी म्हटलं, "आजी मी माझ्या घरी. इथं एक टाचणी दे." वरचा दांडा पूर्ण मागं उघडला, स्प्रिंग ओढून पिनांची पट्टी काढली, तोंडाशी मुडपून बसलेली पिन टाचणीनं उचकटली, खाच रुमालानं पुसली. दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात रांगेतले लोक कुरकुरले, मॅनेजर उठून आला. चालू वस्तू फेकायची एवढी घाई कसली, म्हणून मी त्यालाही सुनावलं. हात माझे होते, रीत तुमची.

तालुक्याच्या कचेरीत मी नवी लागले तेव्हा तुम्ही तिथले सर्वांत जुने शिपाई. सोलापूरच्या कॉन्व्हेंटात शिकून आलेली मी, हातात घड्याळ, तोंडात इंग्रजी, आणि पहिल्याच आठवड्यात स्टेपलर अडला तर तो खिडकीच्या गजावर आपटत होते. तुम्ही चहाचे कप गोळा करता करता थांबलात. "ताईसाहेब, बैल अडला तर मारून उठत न्हाय. पायात काय गुतलंय ते बगावं आदी." मग हळूच, "कानवेटात पिना माराय नोकर असतेत व्हय?" सगळी कचेरी हसली. मला राग आला, पण तुम्ही शेजारी उभं राहून शिकवलंत ते मी एकेक करून शिकले: खाच गच्च भरायची नाही, जाड गठ्ठा एका दणक्यात टोचायचा नाही, महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, आणि तो पुसून घ्यायचा, नाहीतर कागदावर डाग.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला न विचारता केली. खाली पिनेची टोकं वळवणारी छोटी चकती असते ना, ती साफ करताना मी काढली आणि उलटी बसवली. त्या बाजूनं टोकं आत न वळता बाहेर पसरतात, टाका कच्चा राहतो. मला पत्ता नाही. निराधार बायकांचे चाळीस अर्ज मी दिवसभर त्याच स्टेपलरनं जोडले. दुसऱ्या दिवशी चार वाजता जीप ते घेऊन उस्मानाबादला जाणार, कागदोपत्री धाराशिव तेव्हा नव्हतं. दुपारी मी गठ्ठा उचलला आणि पानं सुटून फरशीवर पसरली. अर्ज एकीकडे, वयाचे दाखले दुसरीकडे. बहुतेक कागदांवर नुसते अंगठे. मी अजून कायम झालेली नाही, आणि साहेब आत बसलेत.

तुम्ही खाली मांडी घालून बसता. अक्षर तुम्हाला फारसं लागत नाही. तुम्ही कागद वाचत नाही, घड्या बघता. "ही मुरुम गावाकडची म्हातारी. कमरंला खोचून आणती, बगा, आठ घड्या. ह्यो दाखला बी आठ घड्याचा, ह्येच्यासंगं लावा." एकावर हळदीचं बोट, त्याच हळदीचा दुसरा कागद. एकाला तंबाखूचा वास येतो. तुम्ही जोडी लावायची, मी नाव ताडून बघायचं, चकती सुलटी करून पक्की पिन मारायची. एकही जोडी चुकली नाही. पावणेपाचला जीप निघाली.

उशीर का झाला म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "माज्या हातनं गठ्ठा सुटला, साहेब." ते तुम्हाला बरंच बोलले. वय काढलं, घरी बसा म्हणाले. मी टेबलाकडं बघत राहिले. नंतर व्हरांड्यात गाठून विचारलं, तर म्हणालात, "मला बोलून बोलून ते दमतेत. तुमचं आजून सगळं व्हायचंय." मी कायम झाले. त्या नोकरीवर दोन लेकरं शिकली, घर उभं राहिलं, आणि कुणाही साहेबापुढं मान खाली न घालता मी तीस वर्षं काढली. मामा, याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

एक राहिलं. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात तेव्हाचे साहेब भाषणात म्हणाले की बाईंनी एकदा नुसत्या घड्यांवरून चाळीस अर्ज जुळवले होते. टाळ्या वाजल्या. तुम्ही तेव्हा हयात नव्हता. ही गोष्ट त्यांना मीच कधीतरी सांगितली होती, तुम्हाला वगळून. शाल घेतली, नारळ घेतला, खाली बसले. तुम्ही समोर असता तर हे तुमच्या तोंडावर कबूल केलं असतं, असं लिहिणार होते. नसतं केलं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिता आलं.