कॅमशाफ्टबाबत मेहुण्यांस

हार्लो गाव, इंडियाना
९ ऑगस्ट

आदरणीय ऑर्विलदादा यांस,

आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा डेल्बर्ट याचा टोपी हातात धरून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? फर्नवहिनींचा रक्तदाब उतरला का? आणि मधमाश्या? (गेल्या खेपेला तुमच्या मधमाश्या मला सहा ठिकाणी चावल्या, पण माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नाही.) इकडे सर्व कुशल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. सर्व म्हणजे मी आणि मांजर, आणि मांजरसुद्धा दोन दिवसांपासून शेजारी जेवतंय. तुमच्या घरी सध्या आणखी कोणी मुक्कामाला असेल तर त्यांनाही माझा नमस्कार सांगा. त्या पलीकडच्या खोलीत असतील तर जरा मोठ्याने सांगा.

आडपडदा कशाला ठेवू? नेडीन तुमच्याकडे केंटकीला येऊन आज सोळा दिवस झाले. मी फोन केला की फर्नवहिनी म्हणतात, ती बागेत आहे. सोळा दिवस कोणी बागेत असतं का हो? तिने घरी परत यावं, एवढंच मला हवंय. सप्टेंबरात आम्ही दोघं त्या लाल गाडीतून मिशिगनला तळ्याकाठाने हिंडायला जाणार होतो. मी कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा गाडी घेतली ती त्यासाठीच, आणि लाल रंगही तिनेच निवडला होता. आता ती गाडीत बसणार नाही म्हणते, आणि माझ्याशी बोलत नाही. या सगळ्याच्या मुळाशी आहे एक कॅमशाफ्ट. तुम्ही आयुष्यभर लोकांचे दात काढलेत, त्यामुळे कॅमशाफ्ट तुम्हाला ठाऊक नसणार. सांगतो. (थांबा, कॉफी उतू जातेय.)

आलो. तर, इंजिनाच्या पोटात हातभर लांबीची एक लोखंडी दांडी फिरत असते. तिच्यावर अंड्याच्या टोकासारखे उंचवटे असतात. ते झडपा ढकलतात, झडपा उघडतात आणि इंजिन श्वास घेतं. उंचवटे मोठे तर श्वास मोठा, आणि श्वास मोठा तर ताकद मोठी. पण अशा इंजिनाला सतत पळावं लागतं. हळू चालवलं की त्याला धाप लागते, ते खोकतं, अडखळतं, आचके देतं. आता गंमत अशी की आमच्याकडच्या पुरुषांना हा खोकलाच फार आवडतो. शनिवारी सकाळी डोनटच्या दुकानापुढे आम्ही सगळे गाड्या लावतो, बोनेट उघडतो आणि एकेकाची गाडी जागच्या जागी सुरू ठेवून माना वाकड्या करून ऐकतो. गाडी चालते कशी हे कोणी विचारत नाही. वेंडेल म्हणून आमचा एक दोस्त आहे, तो आपला कॉफीचा कप समोरच्याच्या इंजिनावर ठेवतो. कॉफी हिंदकळून सांडली तर तुम्ही मर्द. माझ्या गाडीवर ठेवला तेव्हा कॉफीवर साधा तरंग उठला नाही. वेंडेल म्हणाला, ‘डेल, बंद आहे काय रे?’ सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

सोमवारी सकाळी मी लेस्टर बॉग्सच्या दारात. हा म्हातारा तीस मैलांवर, मक्याच्या शेतांमध्ये, एका पत्र्याच्या शेडमध्ये ज्याच्या त्याच्या गाडीप्रमाणे कॅमशाफ्ट घासून देतो. त्याची पद्धत अशी की तो तुमच्याशी बोलत नाही, तुमची गाडी बघत नाही, तो तुम्हाला फॉर्म देतो. गाडीचं वजन किती, गिअर हाताचा की आपोआप पडणारा, मागच्या आसाचे दाते किती, गाडी कशासाठी वापरणार. मी पेन घेतलं आणि दादा, काय सांगू, माझ्या अंगात कोण संचारलं कळेना. गिअर आपोआपचा असताना मी लिहिलं, हाताचा. आसाचे दाते शर्यतीच्या गाडीचे लिहिले. वजन दोनशे पौंडांनी कमी केलं. (सांगाडा तोच, पण मी मनाने हलका झालो होतो.) आणि ‘वापर’ या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं: शर्यत, बहुतेक दर आठवड्याला. गाडी आजवर गेली होती ती चर्चला, आइस्क्रीमच्या टपरीला आणि एकदा नेडीनच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. लेस्टरने फॉर्म वाचला, चष्म्यावरून माझ्या पोटाकडे एकदा बघितलं, आणि कार्बनची प्रत माझ्या हातात दिली.

कॅमशाफ्ट बसवला आणि पहिल्याच शनिवारी वेंडेलची कॉफी सांडली, वेंडेलच्याच पँटवर. त्या दिवशी मला जो मान मिळाला, तो कारखान्यातल्या एकतीस वर्षांत मिळाला नव्हता. शेजारच्या फिस्टरबाईंच्या कपाटातल्या बश्या वाजायच्या, त्यांचा कुत्रा टेबलाखाली जायचा, आणि मी अंगणात उभा राहून दहा-दहा मिनिटं नुसता ऐकत असायचो. नेडीन खिडकीतून म्हणाली, ‘अहो, तिला काही दुखतंय का?’ मी म्हटलं, तुला नाही कळायचं. हे वाक्य मी एकतीस वर्षांच्या संसारात फारसं वापरलेलं नव्हतं. तेव्हापासून मात्र ते रोज तोंडात.

पुढचं आता भराभर लिहितो, मला बसवत नाहीये. (हे पत्र मी तीन खुर्च्यांवर लिहिलंय, आणि थोडं फ्रीजवर ठेवून उभ्यानं.) इंजिन हळू चालताना हवा ओढून घेतं, आणि त्या ओढीवर गाडीतली बरीच कामं चालतात. खोकणाऱ्या इंजिनात ती ओढच राहत नाही. म्हणजे एक तर ब्रेक दगडासारखा होतो. नेडीनला तो दाबायला दोन्ही पाय लागायचे. दुसरं म्हणजे दिवे. आमच्या गाडीचे पुढचे दिवे नाकात लपलेले असतात, बटण ओढलं की त्याच ओढीने डोळे उघडावेत तसे वर येतात. रविवारी सकाळी धुकं होतं, मी चर्चच्या दारात बटण ओढलं, तर एकच दिवा वर आला. परत खाली गेला. परत आला. समोर पायरीवर हॅस्केल यांची विधवा हातात दानाचं ताट घेऊन उभी. गाडीने त्या बाईला तीनदा डोळा मारला, दादा, आणि शेजारी तुमची बहीण प्रार्थनेचं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली. नेडीन माझ्याकडे वळून म्हणाली, ‘उजवा चांगला उघडतो हां.’ (त्या हॅस्केलबाई मी एकटा असल्याचं कळल्यापासून दोनदा मक्याचा भाजलेला पदार्थ देऊन गेल्या. मी खाल्ला. भूक लागते हो. हे मोठ्याने वाचू नका.)

पण कळस झाला चार जुलैच्या मिरवणुकीत. नेडीन यंदा बागप्रेमी मंडळाची अध्यक्ष. ती खांद्यावर पट्टा घालून, हॅट घालून, आमच्या उघड्या गाडीत बसलेली. पुढे शाळेचा बँड, मागे मंडळाच्या चौदा बायका हातात सूर्यफुलं घेऊन. मिरवणूक माणसाच्या चालीने जाते. आमची गाडी आता माणसाच्या चालीने जाऊच शकत नव्हती. ब्रेक सोडला की ती बँडवर झेप घ्यायची, ब्रेक धरला की बंद पडायची. पहिल्या झेपेला मोठा ढोल वाजवणारा ढोलासकट फुटपाथवर चढला. मग ती कोर्टासमोर, बरोबर परीक्षकांच्या मांडवापुढे, नऊ वेळा बंद पडली. नऊ हा आकडा माझा नाही, लोकच मोठ्याने मोजत होते. शेवटी त्या चौदा बायकांनी सूर्यफुलं दातांत धरली आणि गाडी ढकलायला घेतली. मंडळाची चिटणीस आयरीन ओरडत होती, ‘नेडीन, उतर गं बाई, तू काय महाराणी आहेस का!’ आणि तुमची बहीण पट्ट्यासकट उतरली आणि तिनेही खांदा लावला. मी एकटा आत, स्टीअरिंग धरून, लोकांना हात हलवत. परीक्षकांना तो मुद्दाम बसवलेला विनोदी देखावा वाटला, आणि आम्हाला दुसरा नंबर मिळाला.

अशी ही सगळी बदनामी झाल्यावर कोणतीही मानी बाई माहेरच्यांकडे जाईल, यात नेडीनचा काही दोष नाही. मी लेस्टरकडे भांडायला गेलो. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. म्हाताऱ्याने माझा फॉर्म काढला आणि पहिल्यापासून मोठ्याने वाचला. ‘शर्यत, बहुतेक दर आठवड्याला’ या ओळीला एक गिऱ्हाईक बाहेर जाऊन हसून आलं. लेस्टर म्हणाला, ‘डेल्बर्ट, नवरे लोक थापा मारतात हे मला ठाऊक आहे. मी प्रत्येकाच्या कागदातून थोडं वजा करतो आणि मग घासतो. तुझ्यातून किती वजा करायचं हे मलाच कळेना, म्हणून म्हटलं, जाऊ दे, करतच असेल पोरगा शर्यत.’ मी बासष्टीचा आहे, दादा.

त्याने नवा कोरा फॉर्म दिला. आता मी खरं काय ते लिहिलं आहे: आपोआपचा गिअर, चर्च, आइस्क्रीम, मिशिगन. सोबत त्याने यादीही दिली, तीत लहानापासून थोरापर्यंत अकरा कॅमशाफ्ट, आणि म्हणाला की तुला पहिला पुरे. पुरे म्हणजे काय, हे मी सकाळपासून ठरवतोय. मी पहिल्यावर बोट ठेवतो आणि बोट आपोआप खाली सरकतं. अंगणात जाऊन येतो, परत बसतो, परत सरकतं. माझं काय बिघडलंय कोणास ठाऊक, पण घरात कोणी ‘अहो, बसा आता एका जागी’ म्हणणारं नसलं की मला बसताच येत नाही, हे मला या सोळा दिवसांत कळलं. अखेर मी पहिला नंबर पक्का केला आहे. अगदी गरीब, शांत, बश्या न वाजवणारा. हे नेडीनला जरूर वाचून दाखवा.

फर्नवहिनींना नमस्कार, आणि मधमाश्यांना लांबून.

आपला आज्ञाधारक,
डेल्बर्ट

ता. क. पहिला नाही, तिसरा. पण तिसराही तसा शांतच असतो. वेंडेलच्या कपात एखादा तरंग उठेल, सांडणार मात्र नाही. हे नेडीनला वाचून दाखवू नका. किंवा दाखवा. नाही, नको.

दुसरा ता. क. पत्र लिहिलं ते खरं तर या कामासाठी. लेस्टरने एक अट घातली आहे. या वेळी माझी एकट्याची सही त्याला चालत नाही. गाडीत शेजारी जे माणूस बसतं त्याने फॉर्म वाचावा, चुकलेलं खोडावं आणि सही करावी, तरच तो घासणार. फॉर्म सोबत जोडला आहे. तेवढा तिच्या हातात द्या. बागेत असली तर बागेत जाऊन द्या. पेनही पाठवतो, तुमच्या घरी एकही धड लिहीत नाही.

तिसरा ता. क. दादा, पाकीट चिकटवलं होतं, परत फाडलं. मिरवणुकीमुळे ती गेली असं मी वर रंगवून लिहिलंय, ते खरं नाही. मिरवणुकीच्या दिवशी घरी येऊन ती इतकी हसली की तिला स्वयंपाकघरात खाली बसावं लागलं. गाडी ढकलता ढकलता मला हात हलवताना बघून तिला म्हणे लग्नाचा दिवस आठवला. ती हसत होती, आणि मी माझ्या त्या शानदार गाडीचा अपमान झाला म्हणून फुगून बसलो होतो. ती गेली ती तीन आठवड्यांनंतर, एका मंगळवारी. उन्हाचा चष्मा शोधायला तिने गाडीचा खण उघडला आणि तिला पहिल्या फॉर्मची कार्बनची प्रत सापडली. वजनाच्या रकान्याखाली लेस्टर एक ओळ विचारतो: गाडीत शेजारी नेहमी कोण बसतं? मी लिहिलं होतं, ‘कोणी नाही.’ तिने तो कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, त्यावर मिठाची बरणी ठेवली आणि बॅग भरायला गेली. मी म्हटलं, अगं, ते वजन कमी दाखवायला. पण तसं नव्हतं. मला त्या दिवशी लेस्टरसमोर एकटाच धाडसी माणूस दिसायचं होतं, आणि त्या माणसाच्या शेजारी प्रार्थनेचं पुस्तक घेऊन कोणी बसलेलं शोभत नव्हतं. मला याची फार लाज वाटते. हा ता. क. तिला नक्की वाचून दाखवा, तुमच्या आवाजात नको, तिच्याच हातात द्या.

नव्या फॉर्ममधली तेवढी एक ओळ मी कोरी ठेवली आहे. ती तिची. तिने काहीही लिहिलं तरी कागद मला पाठवा, आणि तिने स्वतःचंच नाव लिहिलं असेल तर पोस्टाने नको, मी घ्यायला येतो. साध्या गाडीने येईन.